ऑइलमध्ये पाणी आहे का: शेगडी बरी की लॅब?

पुरात बुडालेल्या ट्रॅक्टरवाल्यांसाठी हे नाही. २०१९ आणि २०२१ ला कृष्णाकाठी ज्यांनी तपासत न बसता सगळं ऑइल ओतून टाकलं, त्यांनी योग्यच केलं. खरी पंचाईत होते ती रेडिएटरचं पाणी रोज थोडं उतरतंय, खाली थेंब नाही आणि डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) स्वच्छ दिसतेय, तेव्हा. मग इंजिन ऑइलमध्ये पाणी शिरलंय का ते बघायचे दोन मार्ग: नमुना लॅबला पाठवा, नाहीतर तापलेल्या शेगडीवर ऑइलचा थेंब टाकून बघा. ऑइलमधली डिटर्जंट रसायनं थोडं पाणी पोटात धरून ठेवतात, त्यामुळे ते दुधाळ दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

लॅबच्या अचूकतेबद्दल वाद नाही. तिथली कार्ल फिशर नावाची रासायनिक चाचणी अगदी किंचित पाणीही पकडते. शिवाय सोडियम, पोटॅशियम वाढलेलं दिसलं तर पाणी कूलंटचं, म्हणजे रेडिएटरमधलं असावं, आणि ते ऑइलपासून वेगळं ठेवणारी सीलं, लायनरची ओ-रिंग किंवा हेड गॅसकेट, बघायला हवीत, एवढं कळतं. शेगडीवर हे कळणार नाही.

तरी लॅबवरून माझं मन उडालं ते वाट बघण्यानं. ऐन हंगामात नमुना कुरिअरनं पाठवायचा आणि रिपोर्ट येईपर्यंत ट्रॅक्टर चालवायचा की उभा करायचा? चालवला तर बेअरिंगची धास्ती. उभा केला तर फडात तोडून पडलेला ऊस वाळतो, वजन घटतं, टोळीचा मुकादम फोनवर फोन करतो. रिपोर्ट येतो तोवर शंका असलेल्याच इंजिनानं कारखान्याच्या किती खेपा केलेल्या असतात! कागदावर मात्र त्या दिवशीच्या ऑइलचं वर्णन.

शेगडीचं उत्तर जागेवर मिळतं. इलेक्ट्रिक हॉट प्लेट साधारण १६० अंशांवर तापवायची, नमुन्याची बाटली चांगली हलवून ऑइलचा एक थेंब टाकायचा. बारीक बुडबुडे उठून लगेच विरले तर पाणी किरकोळ. मोठे उठून तडतडलं तर इंजिन खोलायची तयारी ठेवा. डोळ्यांवर चष्मा हवा, उघडी ज्योत नको. ०.०५ टक्क्यांखालचं पाणी सहसा शेगडीला कळत नाही, पण इंजिन ऑइलची चिंता साधारण ०.२ टक्क्यांजवळ सुरू होते, म्हणून मला तरी एवढं पुरतं. अनेक लॅबही आधी हीच चाचणी घेतात, पुढचं मग.

एक उणीव मात्र आहे. तापलेल्या इंजिनात पाणी उडून जातं, कूलंटमधलं ग्लायकॉल हे रसायन मागे राहतं आणि शेगडी गप्प बसते. त्यामुळे मी नमुना सकाळी, इंजिन सुरू करण्याआधी, ड्रेन प्लग (ऑइल सोडायचा तळाचा बोल्ट) किंचित सैल करून घेतो. रात्रभरात सुटं पाणी तळाशी बसलेलं असेल तर पहिल्या थेंबांतच दिसतं. मग शेगडीचीही गरज नाही.

कॅल्शियम हायड्राइड या रसायनाचं किटही मिळतं, पाण्याची टक्केवारी सांगतं. पण त्याची पुडी दमट हवेत खराब होते, आणि आपल्याकडचा जुलै तुम्हाला माहीतच आहे.

चार-सहा ट्रक असतील आणि दर ऑइल बदलाला नोंद ठेवायची असेल, तर लॅबच घ्या. शेगडी गप्प असूनही कूलंट उतरत असेल तरीही. बाटली तेवढी कोरडी ठणठणीत द्या, नाहीतर लॅब तुमच्या नळाचंच पाणी मोजून देईल.