दिवेआगरचा होमस्टे, 2020 च्या कोरोनात राहून आल्यावरचा रिव्ह्यू

आधीच सांगते, होमस्टेचं नाव टाकत नाहीये. तिथल्या मालकीण काकूंनीच सांगितलं की सध्या ओळखीतून येतात तेवढेच पाहुणे घेतोय, उगाच फोनवर फोन नकोत. त्यामुळे ज्यांना नुसतं नाव नि नंबर हवाय त्यांनी पुढं वाचून उपयोग नाही, बाकीच्यांनी वाचा कारण साथीच्या दिवसांत कोकणात कुठंही राहायचं असेल तर तिथं काय बघायचं ते यात आलंय.

तर झालं असं की 2020 ची दिवाळी उरकली, पाडव्याला म्हणजे 16 नोव्हेंबरला देवळं उघडली, जिल्ह्याबाहेर जायला लागणारा ई-पास तर सप्टेंबरातच गेला होता, आणि मार्चपासून घरात बसून बसून सगळ्यांचीच डोकी फिरलेली. नवरा म्हणाला चल समुद्र बघून येऊ. ताम्हिणीतून माणगाव, म्हसळा करत दिवेआगर. ताम्हिणीत पुण्याच्या गाड्यांची ही रांग! आणि गंमत बघा, 25 नोव्हेंबरपासून दिल्ली, राजस्थान, गुजरात, गोव्याहून महाराष्ट्रात येणाऱ्याला आरटीपीसीआर म्हणजे कोरोनाच्या स्वॅब टेस्टचा निगेटिव्ह रिपोर्ट लागत होता, पण पुण्याहून दिवेआगरला जाणाऱ्याला वाटेत कुणी काळं कुत्रं विचारत नव्हतं. सप्टेंबरात देशात सगळ्यात जास्त केसेस कुठल्या जिल्ह्यात होत्या, तर आमच्याच. म्हणजे चौकशी करायचं काम आता घरमालकानं करायचं, नाहीतर आपण स्वतःच स्वतःची करायची, तिसरं कोणी येणार नाहीये.

इथं काकूंनी ती केली, आणि बऱ्यापैकी कडक केली. बुकिंगचा फोन लावला तर रेट सांगायच्या आधी प्रश्न सुरू. कोण कोण येणार, वयं काय, घरात पंधरवड्यात कुणाला ताप-खोकला झाला का, ऑफिसला जाता का घरनं काम, दिवाळीत कुठं लग्नाकार्याला गेला होतात का. नवरा वैतागला, म्हणे आपण पैसे देऊन राहणार आणि ही बाई मुलाखत घेतेय. मला मात्र तिथंच जागा आवडली. नंतर कळलं त्यांच्या घरात ऐंशीच्या पुढच्या सासूबाई आहेत आणि काकांना शुगर आहे. आपण दोन रात्री राहून निघून येतो हो, पण आपण काही सोडून आलो तर ते त्या घरात राहतं, आणि तिथनं सिव्हिल हॉस्पिटल म्हणजे अलिबाग, पार जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. पुण्यात बेड मिळवायला लोकांची काय अवस्था झाली ते आपण सप्टेंबरात बघितलंय, मग दिवेआगरच्या आजींनी रात्री दोन वाजता काय करायचं?

आता या जागेचा सगळ्यात मोठा प्लस पॉइंट. ॲडव्हान्स. काकू म्हणाल्या, "निघायच्या दिवशी सकाळी जरी कुणाला कणकण वाटली ना, तरी फोन करा, पैसे कुठं जात नाहीत, पुढची तारीख घ्या. पण ताप घेऊन येऊ नका हो." एवढंच. तुम्हाला वाटेल यात काय मोठंसं, पण आम्ही आधी त्याच पट्ट्यात एका बऱ्यापैकी महागड्या रिसॉर्टला विचारलं होतं, तिथं पूर्ण पैसे आधी भरायचे आणि कॅन्सल केलं तर एक रुपया परत नाही, कोविड झाला तरी नाही. गेटवर मात्र थर्मल गन, पायानं दाबायचं सॅनिटायझर, बॅगांवर फवारा, सगळा थाट. अहो ज्याचे पंधरा हजार अडकलेत तो माणूस ताप आल्यावर काय करणार? पॅरासिटामॉल घेणार नि गाडीत बसणार, आणि गेटवर गन कपाळाला लावली की अठ्ठ्याण्णव दाखवणार. तसंही लक्षणं दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासून माणूस दुसऱ्याला देऊ शकतो, तेव्हा गनला काय कप्पाळ कळणार. माझं तर म्हणणं आहे साथीत जागा निवडताना फोटो नंतर बघा, आधी कॅन्सलेशन विचारा. जिथं खरं बोललं की पैसे बुडतात तिथं सगळे खोटंच बोलून आलेले असतात, आणि त्यांच्याच शेजारच्या टेबलावर तुम्ही नाश्ता करणार असता.

आम्ही तिघांनी जायच्या आधी टेस्ट केली. ऑक्टोबरात सरकारनं रेट खाली आणला होता, लॅबमध्ये जाऊन केली तर तेव्हा 980 रुपये पडायचे. काकूंनी मागितली नव्हती, आमच्या समाधानासाठी केली. पण रिपोर्ट हातात आला म्हणजे आपण धुतल्या तांदळासारखे असं काही नाही, तो स्वॅब घेतला त्या दिवसापुरता. म्हणून स्वॅब दिल्यापासून निघेपर्यंत घरीच राहिलो, भाजीसुद्धा दारात मागवली. माझ्या सासूबाईंना नेलं नाही. त्या रुसल्या, अजून रुसलेल्याच आहेत.

आता जागेबद्दल. नारळ-सुपारीच्या वाडीतलं जुनं घर, मागच्या बाजूला तीन खोल्या काढल्यात, पण तेव्हा एका वेळी एकच कुटुंब घेत होते, आणि एक कुटुंब गेलं की एक दिवस खोली दारं-खिडक्या उघडून तशीच ठेवत होते. एसी आहे, पण काकू म्हणाल्या पंखा लावा नि खिडक्या उघड्या टाका. डास येतात, भरपूर येतात, तयारीनं जा. पण बंद खोलीत एसी लावून तीच हवा फिरवत बसण्यापेक्षा डास परवडले. जेवण पडवीत. काकू मास्क लावून यायच्या, ताटं टेबलाच्या एका टोकाला ठेवून मागं सरकायच्या आणि मग खांबाला टेकून लांबूनच गप्पा मारायच्या. मास्क घरीच शिवलेला, जुन्या इरकलीचा काठ बरोबर नाकावर आलेला, लेकीनं त्याचंच कौतुक केलं तर निघताना तिला तसाच एक मिळाला. माजघरात यायचं नाही हे पहिल्याच दिवशी हसत हसत सांगून टाकलं. आजी आतल्या खिडकीशी अडकित्ता घेऊन बसलेल्या असायच्या, तिथनंच ओरडून विचारायच्या, "मोदक वाढलेन का ग त्यांना?"

जेवण शाकाहारीच. मासे हवे असतील तर बाहेर बघावं लागेल. पण घावन आणि नारळाची चटणी, कुळथाचं पिठलं, तांदळाची भाकरी, डाळिंब्यांची उसळ, आणि उकडीचे मोदक सांगितले तर संध्याकाळी करून देतात. मोदकाला पाकळ्या अशा बारीक की मोडायला जीव होईना. सोलकढी मात्र मला जास्त आंबट वाटली, नवऱ्याला तीच आवडली, असो.

वाडीचं बघून मात्र वाईट वाटलं. 3 जूनला निसर्ग वादळ इथंच आपटलं ना, श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात. सुपारीची झाडं मधोमध पिचलेली, काही बुंधे अजून वाडीच्या कडेला रचून ठेवलेत, वरनं बघितलं तर आतला गाभा कापसासारखा सुटलेला. समुद्राकडच्या सुरूच्या बनातही मोठी भगदाडं पडलीत. काका म्हणाले नवीन सुपारी लावली तर उत्पन्न सुरू व्हायला सहा-सात वर्षं जातात, आणि वादळानंतर कितीतरी दिवस लाईट नव्हती ते वेगळंच. म्हणजे आधी लॉकडाऊननं उन्हाळ्याचा सीझन गेला, मग वादळानं वाडी गेली, आता जे काही आहे ते पाहुण्यांवर. म्हणून जे म्हणतात की साथीत फिरायला जाणारे सगळे बेजबाबदार, घरी बसा, त्यांना माझं एवढंच सांगणं की या लोकांना विचारा. आणि जे म्हणतात की आम्ही जाऊन गावाला रोजगार देतो त्यांनी पण जरा दमानं घ्या, कारण ज्यांच्या दोन खोल्या रिकाम्या असूनही दुसरं कुटुंब घेत नाहीत त्यांना पैशाची गरज आपल्यापेक्षा जास्त आहे, तरी ते नाही म्हणतायत.

शेजारच्या वाडीत एक ग्रुप उतरला होता, दहाबारा जण, कुठले ते जाऊ दे, गाडीचा नंबर आमच्याकडचाच होता. रात्री बारापर्यंत ब्लूटूथ स्पीकर, सगळे एका खोलीत, मास्क हनुवटीला. त्यातला एक सारखा खोकत होता आणि कुंपणापलीकडनं ऐकू आलं, "काही नाही रे, एसीनं झालंय." गावातला पोरगा त्यांना पाण्याचे बॉक्स नि चिकन आणून देत होता, तो आत जाऊन फ्रीजमध्ये ठेवून बाहेर यायचा. त्या पोराच्या तोंडाला रुमाल होता, त्यांच्या नाही. सरकारच्या "माझे कुटुंब माझी जबाबदारी" या कोरोना मोहिमेचं स्टिकर यांच्या पण सोसायटीच्या गेटवर असणारच की. पण कुटुंब कुठवर धरायचं, हा खरा प्रश्न आहे. पाण्याचा बॉक्स आणणारा पोरगा कुणाच्या कुटुंबात मोजायचा?

बीच मोठा आहे, चारपाच किलोमीटर सरळ, सकाळी गेलात तर चिटपाखरू नसतं, तिथं मास्कची सुद्धा गरज वाटत नाही. गर्दी असते ती संध्याकाळी सूर्यास्ताला आणि भेळेच्या गाड्यांपाशी. आम्ही हरिहरेश्वरला पण गेलो होतो शेखाडीवरनं, तो समुद्राच्या कडेकडेचा रस्ता म्हणजे स्वर्ग, पण देवळाबाहेरची रांग बघितली आणि कळसाला नमस्कार करून परत फिरलो.

आता उणं काय ते. गरम पाणी सकाळी नऊपर्यंतच, नंतर नाही. नेटवर्क नाहीच म्हटलं तरी चालेल, वर्क फ्रॉम होमवाल्यांनी नाद सोडा. रात्रीचं जेवण साडेआठला म्हणजे साडेआठला. रेट आदल्या वर्षीपेक्षा वाढला होता, पण दोन खोल्या रिकाम्या ठेवून तो कसा वाढणार नाही. खोलीत ऑक्सिमीटर ठेवलाय याचं कौतुक वाटलं, लावून बघितला तर सेलच नव्हते. काकांना सांगितलं, त्यांनी टीव्हीच्या रिमोटमधले काढून दिले.

निघताना काकूंनी आणखी एक सांगितलं, ते मला कुठल्या हॉटेलात कुणी सांगितलेलं नाही. पाच-सहा दिवसांनी एक फोन करा, आणि पुढच्या पंधरवड्यात कुणाची टेस्ट पॉझिटिव्ह आली तर लाजू नका, आधी मला कळवा, मी आजींना आतल्या खोलीत वेगळं ठेवीन नि पुढच्या पाहुण्यांना नको म्हणून सांगीन. तेव्हाच्या कोरोनात लागण झाल्यावर लक्षणं दिसायला साधारण पाच-सहा दिवस जायचे, कधी चौदा, त्या हिशोबानं हे अगदी चोख आहे. आम्ही केला फोन, सगळे बरे आहोत म्हणून सांगितलं, त्यांच्याकडंही सगळे ठीक. शेजारच्या ग्रुपमधल्या खोकणाऱ्यानं केला असेल का कुणास ठाऊक. परत आल्यावर आम्ही पण आठवडाभर सासूबाईंपासून लांबच राहिलो, डबा दाराबाहेर ठेवत होतो.

पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा गरम पाण्यासाठी कापला. त्या वर्षी नाताळच्या आठवड्याच्या तारखा काकूंनी बंदच ठेवल्या होत्या, कितीही पैसे दिले तरी. जानेवारीत शनिवार-रविवार सोडून जागा मिळणार होती. जाणार असाल तर रोख पैसे न्या कारण रेंज नसल्यानं ऑनलाइन पेमेंट अडकतं, आणि म्हसळ्याच्या पुढं रस्ता तेव्हा खराब होता, अंधार पडायच्या आत पोचा.