१६ टीबीच्या डिस्कमध्ये निघालं ६४ जीबीचं कार्ड

मोठे व्हिडिओ घरी साठवायला स्वस्त डिस्क शोधत असाल, तर हे वाचून मगच ऑर्डर द्या. मला ज्या पद्धतीने गंडा घातला गेला, ती पद्धत आजही सर्रास चालू आहे.

१०० एमबीपीएसने (सेकंदाला १०० मेगाबिट) चित्रित केलेला फोर-के व्हिडिओ तासाला ४५ जीबी खातो. आई आणि मावशीच्या आठवणींच्या मी लांबलचक मुलाखती घेतल्या होत्या, आणि जागा कधीच पुरत नव्हती. अशात '१६ टीबी पोर्टेबल एसएसडी' अशी जाहिरात दिसली. एक टीबी म्हणजे १,००० जीबी, आणि एसएसडी म्हणजे फिरत्या तबकड्यांऐवजी चिपवर डेटा साठवणारी डिस्क. किंमत नावाजलेल्या कंपन्यांच्या २ टीबीच्या डिस्कपेक्षाही कमी.

डिस्क जोडली, कॉम्प्युटरने १६ टीबी दाखवले. फाइल्स कॉपी झाल्या, एकही एरर नाही. फोल्डरमध्ये नावं, तारखा, साइझ सगळं जागच्या जागी. पहिले दोन-तीन व्हिडिओ लावून पाहिले, व्यवस्थित चालले. पुढचे बऱ्याच दिवसांनी उघडायला गेलो तर एकही चालेना. हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाइलमधला कच्चा डेटा आकड्यांत दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, फाइल उघडली, तर पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत नुसती शून्यं.

नंतर डिस्कचं बाहेरचं कवच उघडलं. आत बोटाएवढा सर्किट बोर्ड, त्यात खोचलेलं ६४ जीबीचं मेमरी कार्ड, आणि हाताला वजन लागावं म्हणून गोंदाने चिकटवलेली लोखंडी पट्टी.

यातली लबाडी कंट्रोलरच्या, म्हणजे डिस्क चालवणाऱ्या चिपच्या, फर्मवेअरमध्ये (तिच्यातल्या कायमच्या प्रोग्रॅममध्ये) असते. हा कंट्रोलर कॉम्प्युटरला खोटी क्षमता सांगतो. फाइल्सच्या नावांची यादी सहसा कार्डाच्या सुरुवातीच्या भागात लिहिली जाते, म्हणून ती शाबूत दिसते. खरी जागा संपली की पुढचा डेटा काही डिस्क सरळ टाकून देतात, तर काही पुन्हा सुरुवातीपासून लिहीत जुन्या फाइल्स पुसत सुटतात. दोन्हीकडे 'कॉपी पूर्ण' हाच संदेश येतो. जाहिरातीच्या पानावर पाच तारे देणारे सगळेच खोटारडे असतील असंही नाही. थोड्या फाइल्स टाकून पाहणाऱ्याला डिस्क चांगलीच वाटते.

विक्रेत्याने आधी 'फॉरमॅट करून बघा' म्हटलं. हे अजिबात करू नका, वाचलेल्या फाइल्सही हातच्या जातील. मग दोष माझ्या कॉम्प्युटरचा ठरला. असं करत करत परत करण्याची मुदत उलटली आणि त्याने हात वर केले.

म्हणून डिस्क आली की तिच्यात काहीही ठेवण्याआधी, मुदतीच्या आत तपासा. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू, लिनक्स आणि मॅकवर एफ३ ही मोफत साधनं डिस्क भरून लिहितात आणि लिहिलेलं परत वाचून पडताळतात. सेकंदाला ३० एमबी वेगाने १६ टीबी भरायला सहा दिवसांहून जास्त लागतात. तेवढी सवड नसेल तर विंडोजवरचं व्हॅलिड्राइव्ह डिस्कवरच्या ठिकठिकाणच्या जागा तपासून थोड्या वेळात खोट पकडतं.

आकारावरूनही अंदाज येतो. खिशात मावणाऱ्या अडीच इंची हार्ड डिस्क कित्येक वर्षं ५ टीबीवर अडल्या होत्या, २०२४ मध्ये कुठे ६ टीबीची आली. १६ टीबीच्या खऱ्या हार्ड डिस्क साडेतीन इंची असतात आणि घरगुती वापराच्या खोक्यात त्यांना बहुधा वेगळा पॉवर अडॅप्टर लागतो.

अशी मोठी डिस्क घेतानाही विक्रेता पारखून घ्या. २०२५ च्या सुरुवातीला वर्षानुवर्षं वापरलेल्या सीगेट डिस्क, 'स्मार्ट' या डिस्कच्या स्वतःच्या नोंदीतले वापराचे तास शून्यावर आणून, काही दुकानांतून नव्या म्हणून विकल्या गेल्याचं उघड झालं. 'फार्म' नावाच्या सीगेटच्या वेगळ्या नोंदीत मात्र खरे तास सापडले. स्मार्टमॉनटूल्स या मोफत साधनाच्या नव्या आवृत्त्यांत ती नोंद वाचता येते.

आता माझ्याकडे दोन साध्या साडेतीन इंची हार्ड डिस्क आहेत, त्यातली एक बहिणीच्या घरी असते. दोन्ही प्रतींचे चेकसम (फाइलमधल्या डेटावरून काढलेली ओळख-संख्या) जुळल्याशिवाय कॅमेऱ्याचं कार्ड मी पुसत नाही.

तुमच्या हाती अशी बनावट डिस्क आधीच आली असेल, तर चाचणीच्या निकालाचा स्क्रीनशॉट काढून जिथून खरेदी केली तिथे लेखी तक्रार करा, आणि पैसे परत मिळेपर्यंत डिस्कचं कवच उघडू नका. उघडलेली वस्तू परत घ्यायला विक्रेते नकार देऊ शकतात.