परत घोड्यावर बसायचंय: लंज, ग्रुप क्लास की सरळ माथेरान?

कॉलेजात असताना चार वर्षं रायडिंग केलेलं, मग नोकरी, लग्न, पोरं यात 19 वर्षं गेली आणि मागच्या हिवाळ्यात पुण्यात परत सुरू केलं. तिन्ही प्रकार करून झालेत, म्हणून लिहितेय.

मी आधी ग्रुप क्लासच लावला, कारण 'आपल्याला येतं की' हा माज. सहा घोडे एकामागे एक, ट्रॉट, म्हणजे दुडकी चाल, म्हटल्यावर बाकीचे मस्त तालात उठबस करतायत आणि मी पोत्यासारखी खोगिरावर आपटतेय. घोड्याचा रिंगणाच्या बाहेरच्या बाजूचा पुढचा पाय पुढे गेला की उठायचं हे पाठ होतं हो, पण मांड्या ऐकेनात, घाबरून गुडघे आवळले आणि त्याने अजूनच वर सरकले. शेवटी लगाम धरायला आलेले मोतद्दार काका (घोड्यांची निगा राखणारे) हळूच म्हणाले, "मॅडम, गुडघ्याने नका धरू, पोटऱ्या लागू द्या, टाच खाली." तर ग्रुप स्वस्त पडतो, सोबत असते, पण पुढचा घोडा थांबला की आपलाही थांबतो आणि आपल्याला वाटतं आपणच थांबवला.

लंज म्हणजे ट्रेनर मधे उभा, हातात लांब दोरी, घोडा त्याच्याभोवती गोल. लगामाची काळजी नाही त्यामुळे फक्त मांड जमवायची, रिकीब (पाय अडकवायची कडी) काढून, हात बाजूला पसरून, अगदी पहिलीतल्या पोरासारखं. लाज वाटते, पण माझी भीती गेली ती इथेच. गोल फिरून घोड्याच्या सांध्यांवर ताण येतो म्हणून वीसेक मिनिटांत आटपतात, म्हणजे मिनिटाच्या हिशोबाने महागच. तरी माझं मत विचाराल तर आधी सहा-आठ लंज आणि मगच ग्रुप, उलटं नाही. आणि शांत, म्हातारा घोडा मागून घ्या, बऱ्याच ठिकाणी रेसमधून निवृत्त झालेले घोडे असतात, आपण घाबरून दोन्ही पाय दाबले की त्याला वाटतं पळायचंय.

माथेरानचं काय, तर दस्तुरी नाक्याच्या पुढे गाड्या बंद, त्यामुळे घोडा तिथे रोजचं वाहन आहे, शिकायची जागा नाही. घोडेवाला दोरी धरून सोबत चालतो, घोड्याला वाट पाठ, तुम्ही नुसते बसलेले. लाल मातीतला चढ आला की पुढे झुकायचं, उतारावर मागे रेलायचं, एवढा सराव मात्र छान होतो. भीती मोडायला एक वीकेंड ठीक आहे. फक्त वजन बघा, खोगीर धरून घोड्याच्या वजनाच्या साधारण 20 टक्क्यांपर्यंत बरं असं मानतात, म्हणजे 300 किलोचं तट्टू असेल तर 60 किलो. माझं तिथेच गणित बसेना, तर मी सरळ पायी गेले.

हेल्मेट स्वतःचं घ्या, हनुवटीखाली नीट बसणारं, आणि एकदा जोरात पडलात तर बदलाच, वरून धड दिसलं तरी. स्पोर्ट्स शूज नकोत, थोडी टाच असलेले बूट हवेत, नाहीतर पाय रिकिबीतून आरपार जातो. पहिला क्लास शक्यतो शुक्रवारी ठेवा, मांड्या दुसऱ्या दिवसापेक्षा तिसऱ्या दिवशी जास्त दुखतात आणि आमच्या ऑफिसची लिफ्ट त्याच आठवड्यात बंद पडलेली.