सहा किलो उतरले, पण ती चरबी नव्हती

गेल्या श्रावणात आमच्या भिशीतल्या एका बाईंनी मला वजन कमी करायच्या कॅप्सूल दिल्या. शंभर टक्के आयुर्वेदिक, महिन्यात आठ किलो जाणार, त्रास काहीच नाही. बाटली 2800 रुपयांची, मी तीन घेतल्या. पावती मागितली तर म्हणाल्या, "अगं, घरातलंच आहे, पावती कसली?"

पहिल्यांदा त्यांनी माझं वजन केलं ते संध्याकाळी, खाणंपिणं झाल्यावर, साडीवर. 78 किलो. त्यानंतरचं प्रत्येक वजन मात्र सकाळी, उपाशीपोटी, गाऊनवर. किलो-दीड किलोचा फरक तिथंच पडतो, हे तेव्हा माझ्या लक्षातच आलं नाही. जोडीला भात, भाकरी, पोळी सगळं बंद. तीन आठवड्यांत काटा 72 वर आला आणि मी हरखून गेले.

पण झोप उडाली होती. तोंडाला सतत कोरड, दिवसातून चार-पाच वेळा जुलाब. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "ताई, शरीरातली घाण बाहेर पडतेय." एका रात्री छातीत इतकी धडधड झाली की मुलाला उठवलं. दवाखान्यात बीपी 170 च्या पुढे. मला बीपीचा त्रास कधीच नव्हता.

डॉक्टरबाईंनी बाटली मागवली. त्यावर ना बॅच नंबर, ना परवाना क्रमांक, ना बनवणाऱ्याचा पत्ता. लेबलचा कोपरा त्यांनी नखानं उचलला, तर खाली दुसरंच लेबल! आत नेमकं काय आहे ते तपासणीशिवाय सांगता येणार नाही, असं त्या म्हणाल्या. पण 'आयुर्वेदिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा कॅप्सूलमध्ये सिब्युट्रामिन सापडल्याची प्रकरणं झाली आहेत. हे भूक मारणारं औषध. हृदयविकार आणि पक्षाघाताच्या धोक्यामुळे 2010 मध्ये युरोप-अमेरिकेत ते बाजारातून काढलं गेलं आणि 2011 मध्ये भारतातही बंदी आली.

मग त्यांनी कागदावर हिशोब मांडला. एक किलो चरबी म्हणजे साधारण 7700 कॅलरी. तीन आठवड्यांत सहा किलो चरबी जायची तर रोज 2200 कॅलरींची तूट हवी. मी दिवसभरात तेवढं खातही नव्हते! गेलं ते बहुतेक पाणी. भात-भाकरी तोडली की शरीरातला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, साठा संपतो आणि त्याच्या एका ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी जातं. बाकीचं जुलाबांनी नेलं. कॅप्सूल थांबवून पूर्ववत जेवू लागले, तर दहा दिवसांत चार किलो परत आले. आता भाकरी, डाळ, उसळ सगळं खाते, रोज चालते. आठवड्याला अर्धा किलोही उतरत नाही, पण बीपी ठीक आहे.

उरलेल्या दोन बाटल्या मी अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात दिल्या. तक्रार लिहून घेतली, पण पावती नसल्यामुळे पैसे मिळणं अवघड दिसतंय. ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा नंबर मला फार उशिरा कळला.

त्या बाईंकडून माझ्या नणंदेनंही बाटली घेतली होती, आणि तिला बीपीची गोळी चालू आहे. कळलं तशी मी तिच्या घरी गेले आणि बाटली काढून घेतली. तुमच्याही घरात कोणी असं काही घेत असेल, त्यातून बीपी, थायरॉईड किंवा हृदयाचा त्रास असेल, तर आजच बाटली घेऊन डॉक्टरांकडे जा. फेकू नका, तपासणीसाठी तीच लागते.