तेंदूपत्त्याचा हंगाम: पर्याय 1 घ्यावा की पर्याय 2?

गडचिरोलीच्या पेसा गावांना, म्हणजे आदिवासी भागात ग्रामसभेला अधिकार देणारा पेसा कायदा लागू असलेल्या गावांना, तेंदूपत्ता (विडीचं पान) विकायचे दोन रस्ते आहेत. पर्याय 1 मध्ये लिलाव वनविभाग करतो. पर्याय 2 मध्ये ग्रामसभा स्वतः निविदा काढते, ठेकेदार निवडते आणि मजुरीशिवाय ठेकेदार देतो ती रॉयल्टी, म्हणजे पानाचा मोबदला, तिच्याच हाती येते. 1996 चा पेसा आणि 2006 चा वनहक्क कायदा यांनी गौण वनोपजाची (तेंदूपानासारख्या, इमारती लाकूड सोडून मिळणाऱ्या जंगलाच्या मालाची) मालकी गावाला दिली, त्याचं हे रोकड रूप.

पर्याय 1 ला ताप कमी. निविदा, कर, हिशेब काहीच बघावं लागत नाही. पण पैसा सरकारी चालीने येतो आणि भावाच्या बोलणीत गावाला तोंड नसतं. पर्याय 2 सरस, मात्र करारनामा पक्का असेल तरच.

70 पानांचा एक पुडा, 1000 पुड्यांची प्रमाण गोणी. घराने रोज 200 पुडे बांधले आणि फळी (पुडे मोजून घ्यायचं संकलन केंद्र) 12 दिवस चालली, तर 2.4 गोण्या. रॉयल्टी गोणीला समजा 4000 रुपये ठरली, तर मजुरीशिवाय वर 9600 रुपये. ते पेरणीआधी आले तर बियाणं-खत निघतं. दिवाळीला आले तर तोवर सावकार आहेच.

घोळ होतो फळीवर. पुडे मोजून उन्हात मांडले, उलटसुलट करत वाळवले, की नेमका अवकाळी येतो आणि पानं काळी पडतात. मग ठेकेदार म्हणतो, माल नापास. म्हणून करारातच लिहून घ्या: मोजून मजुराच्या नोंद-कार्डावर चढलेला पुडा ठेकेदाराचा, पुढचं ऊन-पाऊस त्याचं. शेकड्यामागे दोन-चार पुडे 'वरचे' मागायची दिवाणजींची (ठेकेदाराच्या फळीवरच्या कारकुनांची) खोडही तिथेच मोडा.

आगाऊ रक्कम ग्रामसभेच्या खात्यात दिसल्याशिवाय फळी उघडू नका. बाकी चुकती झाल्याशिवाय गोणी हलू देऊ नका. वनहक्काच्या 2012 च्या सुधारित नियमांनुसार वाहतूक परवाना ग्रामसभेची समितीच देते. एकदा ट्रक गेला की उरतात फक्त फोन.

लहान गावाकडे बोली लावणारे फिरकत नाहीत. कोरची तालुक्यात गावांनी महाग्रामसभा (अनेक ग्रामसभांचा संघ) उभी केली, तसं शेजारच्या गावांशी जुळवून घ्यावं. पर्याय निवडीचा ठराव जानेवारीतच व्हावा, नाहीतर झुडपांची छाटणी राहते आणि पान निबर येतं.

कार्डावर नाव मात्र पुडे बांधणाऱ्या बाईचंच घाला आणि रॉयल्टीही तिच्याच खात्यावर मागा.