उसांबाराच्या डोंगररानात ८×४२ दुर्बीण : काही महिन्यांच्या वापरानंतर

नोकरीनिमित्त टांझानियात राहत असल्याने ही मध्यम किमतीची ८×४२ (म्हणजे आठपट मोठे दाखवणारी, ४२ मिलीमीटर व्यासाच्या भिंगाची) दुर्बीण मी गेले काही महिने मुख्यतः पूर्व उसांबारा डोंगरांतील अमानीच्या राखीव जंगलात वापरत आहे. मोकळ्या माळावर कोणतीही बरी दुर्बीण निभावून नेते. तिची खरी पारख होते ती सकाळी धुके उतरणाऱ्या अशा उंच, दाट जंगलात, जिथे पक्षी एकतर थेट डोक्यावरच्या शेंड्यात असतो किंवा पायाजवळच्या काळोख्या झुडपात.

जंगलासाठी मी दहापटीपेक्षा आठपटच सुचवेन. भिंगाचा व्यास ४२ मिलीमीटर असेल तर आठपटीत डोळ्याशी येणारा प्रकाशझोत ५.२५ मिलीमीटर रुंद असतो, दहापटीत तो ४.२ वर येतो. भर उन्हात डोळ्याची बाहुली आक्रसलेली असल्याने हा फरक जाणवत नाही. पण उजाडता उजाडता पालापाचोळ्यात वावरणाऱ्या ‘स्पॉट-थ्रोट’ या तपकिरी पक्ष्याच्या गळ्यावरचे बारीक ठिपके दिसतात की केवळ एक हलती सावली दिसते, हे त्या मिलीमीटरभरावर ठरते. मला ठिपके दिसले.

दृश्यक्षेत्र, म्हणजे एका वेळी दिसणारा भाग, रुंद असल्याचा लाभ मिश्र थव्यांच्या वेळी कळतो. असा थवा अंगावरून जातो तेव्हा दुर्बीण डोळ्यांना लावून पक्षी शोधत बसायला सवड नसते. येथील लांब चोचीचा शिंपी तर वेलींच्या गुंत्यात वावरतो आणि क्वचितच उघड्यावर थांबतो. तो जगात केवळ पूर्व उसांबारा आणि मोझांबिकमधील न्जेसी पठार एवढ्याच ठिकाणी आढळतो. त्याचे शास्त्रीय नाव अमानीत काम केलेले पक्षीशास्त्रज्ञ रेजिनल्ड मोरो यांच्यावरून पडले आहे. या दुर्बिणीचे फोकसचे चाक थोडेसे फिरवले की दोन मीटरवरच्या झुडपातून थेट शेंड्यापर्यंत पोहोचता येते, आणि अशा पक्ष्यासाठी तेच उपयोगी पडते.

उणीव दिसते ती पांढऱ्या आकाशाच्या पार्श्वभूमीवर. शेंड्यावरचे शिंजीर पाहताना काळपट आकृतीच्या कडांना जांभळट झालर येते आणि पोटाचा रंग नीट ठरवता येत नाही. अमानी शिंजीर आणि पट्टेरी हिरवा शिंजीर यांच्या बाबतीत हा दोष फारच नडतो. रुपेरी गालांच्या धनेशाला मात्र त्याने काही बाधा येत नाही, कारण त्याच्या पंखांचा आवाज ऐकून मान वर करेपर्यंत चोचीवरचे ते अवाढव्य शिंग ओळखू येतेच. (बाहेरून आणून लावलेल्या मेसोप्सिस वृक्षाच्या बिया याच धनेशाने जंगलभर पेरल्या आहेत, त्यामुळे त्याच्याविषयीचे माझे कौतुक थोडे हातचे राखून असते.)

आत नायट्रोजन भरलेला असल्यामुळे आतून वाफ धरत नाही, हा दावा खरा ठरला. बाहेरची काच मात्र स्वतःच्या श्वासानेही धुरकटते. त्याला कोरड्या सुती फडक्यावाचून इलाज नाही. पावसाळ्यात भिंगावर बुरशी येऊ नये म्हणून परतल्यावर दुर्बीण पुसून सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवावी. कापडी पिशवीत ठेवणे म्हणजे बुरशीला आमंत्रणच.

उजव्या डोळ्याचा रबरी कप सैल झाला असून चष्मा काढून पाहताना तो आपोआप आत सरकतो. विक्रेत्याने सुटा भाग मिळत नसल्याचे सांगून हात वर केले. सोबत येणारा गळ्याचा पट्टा तर पहिल्याच दिवशी बाजूला ठेवावा, कारण तासन्‌तास वर पाहिल्यावर सुमारे ७०० ग्रॅमचे ओझे मानेला पेलवत नाही. दोन्ही खांद्यांवर भार विभागणारा पट्टा वेगळा विकत घ्यावा. ज्यांचे बहुतेक फिरणे सेरेंगेटीसारख्या सपाट प्रदेशात होणार आहे, त्यांनी दहापटीची दुर्बीण घेतली तरी चालेल. उसांबाराला जाणाऱ्यांनी मात्र कपांची घट्ट पकड दुकानातच तपासून हीच घ्यावी.