टू-इन-वन लॅपटॉप: चिपळूणच्या दुकानात काउंटरवरच तपासून घेतला

मी दहावीच्या गणिताच्या शिकवण्या घेते, घर गुहागरला, समुद्रापासून चालत पाच मिनिटं. चार मुलं पुण्या-मुंबईहून ऑनलाईन बसतात, त्यामुळे स्क्रीनवर पेनाने गणित सोडवून दाखवता येईल आणि पेपर टाईपही करता येतील असा टू-इन-वन, म्हणजे कीबोर्ड काढला की टॅबलेट होणारा लॅपटॉप, हवाच होता. ऑनलाईन दोनेक हजारांनी स्वस्त पडत होता, पण एवढे पैसे घालायचे तर वस्तू हातात घेऊन बघायची म्हणून मे महिन्यात सकाळच्या एसटीने चिपळूण गाठलं.

दुकान बाजारपेठेतलं आहे. 22 जुलै 2021 च्या पुरात त्यांचा खालचा सगळा माल गेला होता, तेव्हापासून बॉक्स वरच्या मजल्यावर ठेवतात, तिथून एक आणून दिला. सील फोडायच्या आधी बॉक्सवरचा सिरीयल नंबर आणि बिलावरचा, आणि फोडल्यावर मशीनच्या मागचा, असे तिन्ही जुळवून बघितले. मग माझ्याच मोबाईलच्या हॉटस्पॉटवर सेटअप केला, त्यात पाऊण तास गेला, दुकानातला दादा दोनदा म्हणाला ताई घरी जाऊन करा की निवांत, पण मी काही उठले नाही. आणि बरं झालं नाही उठले ते!

कारण कमांड प्रॉम्प्ट (विंडोजमधली कमांड टाईप करायची खिडकी) उघडून पॉवरसीएफजी, मग स्पेस, मग स्लॅश बॅटरीरिपोर्ट (powercfg /batteryreport) असं टाईप केलं की एक फाईल तयार होते, ती ब्राउझरमध्ये उघडायची. त्यात डिझाईन कपॅसिटी म्हणजे बॅटरी मुळात केवढी, फुल चार्ज कपॅसिटी म्हणजे आज ती किती भरते, आणि सायकल काउंट म्हणजे किती वेळा पूर्ण वापरून झाली. माझ्या त्या सीलबंद नव्या मशीनचा सायकल काउंट होता 31! विंडोज नवीन टाकलं तरी हा आकडा पुसला जात नाही, तो बॅटरीतल्या चिपमधूनच येतो. कुठेतरी डेमोला ठेवलेला पीस परत पॅक होऊन आला असणार. दादालाही हे माहीत नव्हतं, त्याचा चेहरा खरंच उतरला, पण त्याने वाद न घालता दुसरा बॉक्स काढला आणि यावेळी स्वतः माझ्या शेजारी बसून रिपोर्ट बघितला. सायकल काउंट 1, फुल चार्ज डिझाईनपेक्षा किंचित जास्तच. या एका गोष्टीसाठी दुकानाला माझे पूर्ण मार्क. काही कंपन्यांच्या मशीनवर सायकलच्या जागी नुसती रेघ येते, तिथे निदान बाकीचे दोन आकडे तरी बघाच.

एक तक्रार आहे. फोनवर किंमत विचारली तेव्हा 52 हजार सांगितली, कीबोर्ड वेगळा घ्यावा लागतो हे तिथे गेल्यावर कळलं, त्याचे साडेसहा हजार वर. कीबोर्डशिवाय टू-इन-वन कसला? हे आधीच सांगायला हवं होतं.

आता चार्जिंगचं. निघताना सांगितलं की पहिल्यांदा रात्रभर लावून ठेवा, तसं काही करायची गरज नाही, ते जुन्या प्रकारच्या बॅटऱ्यांचं होतं, लिथियमला लागत नाही. बॉक्समधला चार्जर 45 वॅटचा टाईप-सी आहे, मोबाईलचा लावला तर स्लो चार्जर असा मेसेज येतो आणि वापरता वापरता टक्के उलट खाली जातात. सेटिंगमध्ये 80 टक्क्यांवर थांबायची सोय आहे ती मी चालू ठेवलीये, कारण दिवसभर ते प्लगलाच असतं. स्लीपमध्ये मात्र रात्रीत आठ-नऊ टक्के जातात, म्हणून झोपताना आता हायबरनेट करते, म्हणजे उघडं काम साठवून मशीन पूर्ण बंद होतं.

पहिल्याच आठवड्यात चार्जिंगला असताना मागच्या धातूवर बोट फिरवलं तर झिणझिण्या आल्यासारखं झालं. घाबरलेच मी. आमच्या वायरमन काकांनी बघितलं, मशीन ठीक होतं, आमच्याच घराचं अर्थिंग गेलेलं, जांभ्याची जमीन मे महिन्यात पार सुकते आणि अर्थिंगच्या खड्ड्यातलं मीठ-कोळसा कोरडं पडतं. त्यांनी खड्ड्यात परत मीठ-कोळसा भरून दोन कळशा पाणी ओतलं, चार्जर तीन पिनचा आहे तो टू-पिन जोडणी काढून सरळ सॉकेटला लावला, झिणझिण्या बंद. ज्यांना असं होतंय त्यांनी आधी अर्थिंग तपासून घ्या.

लिहायला पेन छान आहे, हात टेकला तरी रेघोट्या येत नाहीत, फक्त काच गुळगुळीत असल्याने अक्षर घसरायचं, मॅट गार्ड लावल्यावर कागदासारखं झालं. मराठी फोनेटिक कीबोर्ड विंडोजमध्येच असतो, वेगळं काही टाकावं लागलं नाही. पण मागचा स्टँड टेबलावरच नीट उभा राहतो, पडवीत झोपाळ्यावर मांडीत घेऊन टाईप करायचं म्हटलं तर जमत नाही, ज्यांना तसं काम आहे त्यांनी साधा लॅपटॉपच घ्यावा.

सध्या पाऊस धो धो आहे आणि लाईट दिवसातून चारदा जाते-येते, म्हणून स्पाइक गार्ड लावलाय आणि लाईट गेली की आधी प्लग काढते. खाऱ्या दमट हवेत आमच्या कपाटाच्या बिजागऱ्याही गंजतात, तेव्हा रात्री ते घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवते. पुढचा बॅटरी रिपोर्ट गणपती झाल्यावर काढेन, आकडे किती उतरलेत ते तेव्हा सांगते.